मंथरेचा डोळा

आपण पाचवीत होतो त्या वर्षी, १९८७ साली, टीव्हीवर ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी नांदेडमधल्या आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या घरी आम्ही सतरंजीवर दाटीवाटीने बसायचो. मंथरा आली, की लहान पोरं आईच्या पदराआड लपायची. ती मंथरा म्हणजे ललिता पवार. त्यांची हकीकत मला फार उशिरा कळली.

त्यांचा जन्म १९१६ सालचा, येवल्याचा. पाळण्यातलं नाव अंबा. मूकपटांच्या काळात लहान वयातच त्या कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. पुढे नायिका झाल्या. १९३२च्या ‘कैलाश’ या मूकपटाच्या सहनिर्मात्याही त्याच. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात फार जोरात बसला. चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. पुष्कळ उपचार केले, पण डोळ्यातला दोष कायम राहिला. सव्विसाव्या वर्षी नायिकेची कामं संपली.

पण त्या घरी बसल्या नाहीत. १९४४ साली ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई झाल्या. मग हिंदीत कितीतरी खाष्ट सासवा साकारल्या. मात्र ‘श्री ४२०’मधली मायाळू केळेवाली आणि ‘अनाडी’तली तोंडाने फटकळ, मनाने आई असलेली मिसेस डिसा याही त्याच. मिसेस डिसासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. डोळा तोच होता. त्यातून कपट दिसायचं आणि मायाही. १९९८ साली पुण्यात त्या गेल्या.

हे सगळं लिहायला एक कारण आहे. आपल्या वर्गातल्या एका मुलीला आपण मंथरा म्हणायचो, तिच्या डोळ्यामुळे. मीही म्हणायचे, आणि सगळे हसले की मला बरं वाटायचं. हळूहळू तिने वर्गात हात वर करणं सोडून दिलं. दहावीनंतर आपल्यातले बरेच जण अकरावीला लातूरला गेलो. ती कुठे गेली, हे मी कधी विचारलं नाही.

तिचं नाव इथे लिहीत नाही. संमेलनाला ती आली, तर मला तिच्याशेजारी बसायचं आहे. तिला चालत असेल तर.