महाराणी ताराबाई

पलूसहून कृष्णेच्या काठाने वर गेले असता कऱ्हाड लागते, व तेथून थोड्या अंतरावर वसंतगडाच्या पायथ्याशी तळबीड हे गाव आहे. सरसेनापती हंबीरराव मोहिते येथले. महाराणी ताराबाई त्यांच्या कन्या. राज्यकारभाराचे ओझे स्त्रीस पेलत नाही असे म्हणणारे अजूनही भेटतात, म्हणून ह्या बाईंचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

ताराबाईंचा जन्म १६७५ साली झाला. शिवाजी महाराजांचे कनिष्ठ पुत्र राजाराम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, आणि पुढच्याच महिन्यात साताऱ्याचा किल्ला औरंगजेब बादशहाच्या हाती गेला. त्या समयी बाईंचे वय अवघे पंचवीस वर्षांचे, आणि पदरी लहान मूल. त्यांनी आपला पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून कारभाराची सर्व सूत्रे आपल्या हाती घेतली.

रामचंद्रपंत अमात्य, परशुरामपंत प्रतिनिधी, धनाजी जाधव अशा जाणत्या मंडळींकडून त्यांनी काम घेतले. एका ठिकाणी स्वस्थ न बसता त्या गडोगड फिरत. बादशहा एकेक गड घेण्यात महिनेच्या महिने घालवी. इकडे मराठी फौजा नर्मदा ओलांडून त्याच्याच मुलखात, माळव्यात व गुजराथेत, शिरत. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड गेले. परंतु बादशहाची पाठ वळताच मराठे गेलेले गड परत घेऊ लागले. खाफीखान हा मोगलांकडील इतिहासकार. त्यानेही बाईंची बुद्धी व बंदोबस्त वाखाणला आहे. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरास मरण पावला, तेव्हा मराठ्यांचे राज्य उभेच होते.

येथवरची हकीकत गौरवाची आहे. पुढचीही सांगणे आम्हांस प्राप्त आहे. त्याच वर्षी संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. ताराबाईंनी त्यांचा हक्क मानला नाही. खेडच्या लढाईत त्यांचा पक्ष हरला, तेव्हा त्यांनी पन्हाळ्यास वेगळी गादी मांडिली. १७१४ साली सवत राजसबाई यांच्या पक्षाने तीही हिरावून घेऊन त्यांस कैदेत ठेविले. १७३१ साली वारणेचा तह होऊन सातारा व कोल्हापूर अशी दोन राज्ये कायम झाली, आणि बाई साताऱ्यास राहू लागल्या.

शाहू महाराजांस पुत्र नव्हता. रामराजा हा आपला नातू असे सांगून ताराबाईंनी त्यास पुढे केले, व १७५० साली तो छत्रपती झाला. तो आपल्या म्हणण्याप्रमाणे चालेना, म्हणून त्याच वर्षी त्यांनी त्यास साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकविले; आणि १७५२ साली जेजुरीस, तो आपला नातू नव्हे, अशी शपथ वाहिली. ह्या दोन बोलण्यांपैकी एक खोटे होते, आणि त्यापायी एका तरुणाची उमेदीची वर्षे बंदीत गेली.

डिसेंबर १७६१ मध्ये ताराबाई साताऱ्यास वारल्या.

वाचकहो, बुडते राज्य ज्या हातांनी सावरले, त्याच हातांस सत्ता सोडवेना. आज आपल्या गावोगाव स्त्रिया सरपंच होत आहेत. त्यांनी ताराबाईंचे धैर्य जरूर घ्यावे. आणि अधिकार हा लोकांची ठेव आहे, वेळ येताच तो परत करावयाचा असतो, हेही त्यांच्याच चरित्रावरून स्त्रीपुरुष सर्वांनी शिकावे.