गॉस आणि गाडीचे चार डोळे

गॉस म्हटलं की आपल्याला पेपर आठवतो आणि पोटात गोळा येतो. पण नव्या गाड्यांमध्ये पार्किंग करताना स्क्रीनवर वरून काढल्यासारखं चित्र दिसतं ना, त्याच्या मागेही हाच माणूस आहे.

कार्ल फ्रीडरिक गॉस ३० एप्रिल १७७७ रोजी जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथे जन्मला. घरची गरिबी, वडील बागकाम, गवंडीकाम करायचे. पोराची हुशारी पाहून तिथल्या ड्यूकने शिक्षणाचा खर्च उचलला. १८०१ मध्ये नुकताच सापडलेला सेरेस ४१ दिवसांत सूर्याच्या उजेडात हरवला, तेव्हा तो पुन्हा कुठे दिसेल हे २४ वर्षांच्या गॉसने थोड्याशा नोंदींवरून काढून दिलं. वर्षअखेरीस तो जवळपास तिथेच सापडला!

लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत त्याने १८०९ मध्ये छापली. लजांद्रने ती १८०५ मध्येच छापली होती, पण गॉसचा दावा १७९५ पासूनचा. मला विचाराल तर मान आधी छापणाऱ्याचा. मात्र तिचा खरा कस लागला गॉसच्या हॅनोव्हरच्या सर्व्हेत. १८२१ मध्ये त्याने हेलिओट्रोप बनवला, म्हणजे आरशाने ऊन परावर्तित करून दूरच्या डोंगरावर खूण दाखवायची. ब्रोकेन ते इन्सेल्सबर्ग ही बाजू तर सुमारे १०७ किलोमीटर! एवढं करूनही त्रिकोणांचे कोन जुळेनात. आपण जर्नलमध्ये शेवटचं रीडिंग 'अॅडजस्ट' करतो, तसं त्याने केलं नाही. प्रत्येक मापात थोडी चूक असणारच, म्हणून सगळी मापं एकदम अशी सरकवायची की चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल.

आता गाडी बघा. पुढे एक, मागे एक, दोन्ही आरशांखाली एकेक असे चार फिशआय कॅमेरे. प्रत्येकाचं वेगळं कॅलिब्रेशन करून एकाला एक जोडत गेलं, तर चक्कर मारून पहिल्यापाशी येईपर्यंत चूक साठते. जमिनीवरचा पांढरा पट्टा जोडावर तुटतो. हे नुसतं दिसायला वाईट नाही, गाडीमागे उभं असलेलं लहान मूल आहे त्यापेक्षा लांब भासू शकतं. म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखा बोर्ड दोन कॅमेऱ्यांना एकाच वेळी दिसेल असा ठेवतात, आणि चारही लेन्स, त्यांच्या जागा, त्यांचे कोन एकत्रच सोडवतात. फिशआयमध्ये सरळ रेषा वाकते, समीकरणं सरळ राहत नाहीत, त्यामुळे उत्तराकडे पायरीपायरीने जावं लागतं. त्या रीतीचं नाव गॉस-न्यूटन.

गॉस २३ फेब्रुवारी १८५५ रोजी ग्योटिंगेन इथे वारला. २००२ मध्ये युरो येईपर्यंत जर्मनीच्या दहा मार्कांच्या नोटेवर त्याचा चेहरा होता, आणि मागच्या बाजूला सर्व्हेतले तेच त्रिकोण.