संत सेवालाल महाराज

वऱ्हाडाला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात मीठ यावयाचे, तर ते शेकडो मैलांवरून आणावे लागे. रेल्वे येण्यापूर्वी हे काम बंजारा लोक बैलांच्या पाठीवर गोण्या लादून करीत. परतताना ते वऱ्हाडचा कापूस थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. या व्यापारास लदेणी म्हणत. मोठ्या तांड्याबरोबर हजारो बैल चालत. तांडा उतरेल तेथे घर आणि नाईक देईल तो न्याय, अशी त्यांची राहणी होती.

अशाच एका तांड्यात भीमा नाईक व धर्मणी यांच्या पोटी सेवालाल जन्मास आले. हा जन्म आंध्रातील अनंतपूरच्या परिसरात 15 फेब्रुवारी 1739 रोजी झाला, असे परंपरा मानते. त्यांचे बालपण गुरे राखण्यात गेले. पुढे त्यांनी विवाह न करता जगदंबेची भक्ती व तांड्यांची सेवा यांतच आयुष्य वेचले.

तो काळ धामधुमीचा होता. फौजांना धान्य पुरविणारे तांडे लढणाऱ्या दोन्ही पक्षांना हवे असत; साहजिकच लुटीचे भय आणि लुटीचा मोह दोन्ही जवळच असत. चोरी करू नये, खोटे बोलू नये, मद्यास शिवू नये, गुरांना व रानाला जपावे, असे सेवालाल तांड्यातांड्यांतून सांगत फिरले. एक दिवस वाटीभर पाणी रुपयाला विकले जाईल, असे भाकीतही त्यांच्या नावे सांगतात. पाणवठा पाहून मुक्काम ठरविणाऱ्या लोकांना त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल! बंजाऱ्यांच्या गोरबोलीस स्वतःची लिपी नव्हती. म्हणून ही शिकवण भजनांतून टिकली. त्या भजनांत ते सेवाभाया आहेत. भाया म्हणजे भाऊ.

1806 साली त्यांनी देह ठेवला, असे मानतात. त्यांची समाधी पोहरादेवी येथे आहे. हे गाव पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. 1998 पासून ते वाशीम जिल्ह्यात मोडते.

1867 साली आगगाडी वऱ्हाडातून नागपूरला पोहोचली आणि लदेणी बुडाली. 1871 च्या कायद्यान्वये इंग्रज सरकारने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. काही प्रांतांत बंजारेही त्यातून सुटले नाहीत. तो शिक्का स्वतंत्र भारतात 1952 साली पुसला गेला. दरम्यान तांडे गावांच्या कडेला स्थिरावले, बैल नांगराला जुंपले गेले. परंतु रामनवमी आली की दूरदूरच्या प्रांतांतून बंजारे आजही पोहरादेवीची वाट धरतात.