लाल सोनं आणि डीएनए: मायकेल फॅरेडेची कमी माहीत असलेली गोष्ट

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या गावात कुणाला ताप आला, की आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मलेरियाची झटपट टेस्ट करतात. त्या पट्टीवरची लाल रेघ बहुतेक वेळा कशाची असते, माहितीये? सोन्याच्या अतिबारीक कणांची! सोनं लाल कसं दिसतं, याचा पहिला नीट अभ्यास केला मायकेल फॅरेडेने.

लोहाराचा पोरगा

फॅरेडेचा जन्म १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी तो पुस्तकं बांधायच्या दुकानात कामाला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत शिकला. १८१२ मध्ये त्याने हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली, नोट्स काढल्या, त्या बांधून डेव्हीलाच पाठवल्या. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी मिळाली. १८३१ मध्ये त्याने चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण केली. आपल्या घरची वीज आजही बहुतांशी त्याच तत्त्वावर बनते.

साठीनंतरचं सोनं

पुढे स्मरणशक्ती दगा देऊ लागली, तरी प्रयोग थांबले नाहीत. साठी उलटल्यावर तो सोन्याकडे वळला. सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात फॉस्फरस मिसळला, तर पाणी माणकासारखं लाल झालं. त्यातून प्रकाशाचा झोत सोडला, तर झोताची वाट दिसली. म्हणजे सोनं विरघळलेलं नव्हतं, डोळ्यांना न दिसणारे कण होऊन तरंगत होतं. त्यात मीठ टाकलं, की लाल पाणी निळं व्हायचं. हे सगळं त्याने १८५७ मध्ये मांडलं. त्या प्रयोगांच्या बाटल्या लंडनमध्ये आजही जपून ठेवल्यात.

१८६७ मध्ये फॅरेडे गेला. डीएनए सापडला त्यानंतर दोन वर्षांनी, १८६९ मध्ये.

मग डीएनए सोन्याला चिकटतो कसा?

डीएनएमधले ए, टी, जी, सी हे घटक सोन्यावर नुसतेही चिकटतात, पण ती पकड कच्ची. पक्की पकड हवी तर डीएनएच्या टोकाला गंधक जोडतात. गंधक आणि सोन्याचं चांगलं जमतं. मग गंधकाचं टोक सोन्यात रुतून बसतं आणि उरलेला धागा मोकळा राहतो.

१९९६ मध्ये अमेरिकेत चॅड मिर्किनच्या टीमने सोन्याच्या कणांवर असेच धागे लावले. मग दोन्हीकडच्या धाग्यांशी जुळणारा एक डीएनए त्यात सोडला. त्याने कण एकमेकांजवळ ओढले आणि रंग लालाचा निळसर झाला. आजाराचा डीएनए हजर आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखायची वाट त्यातून सापडली.

रंगबदल तोच, फॅरेडेने बघितलेला. मिठामुळे कणांमधला विजेचा दुरावा कमी होतो आणि ते एकत्र येतात. इथे तेच काम डीएनए करतो, पण जोडीचा धागा सापडला तरच.

फॅरेडेला सोनं आणि प्रकाशाचं नातं शोधायचं होतं, रोगनिदान त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या लाल पाण्याचा असा उपयोग व्हायला जवळपास १४० वर्षं लागली.