मुक्या जिवांच्या साथीचे संशोधक : डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड

जीवदयेचे संस्कार आपल्याला घराघरांतून लाभले आहेत. परंतु पांजरपोळात चारा-पाणी पुरवूनही साथीपुढे हात टेकावे लागतात, तेव्हा दयेला ज्ञानाची जोड हवी हे पटते. म्हणून ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त एका परदेशी संशोधकाचे स्मरण करावेसे वाटते.

गिरड परिसर गवळाऊ जनावरांचा. बैलजोडी गेली की शेतकऱ्याची पेरणी हुकते आणि दिवाळीला त्याच्या घरी नवे कापड येत नाही, हे माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्यास कोणी सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात बुळकांडीची साथ आली की गावेच्या गावे बैलांविना होत. ताप, तोंडात व्रण, रक्तमिश्रित हगवण आणि काही दिवसांत मृत्यू, असा हा रोग होता.

या रोगांच्या अभ्यासासाठी सरकारने 9 डिसेंबर 1889 रोजी पुण्यात, पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन केली. तिचे पहिले प्रमुख डॉ. लिंगार्ड. ते मूळचे माणसांचे डॉक्टर. पण त्यांनी आपली विद्या मुक्या जिवांच्या रोगांसाठी वेचली. घोडे व उंटांच्या रक्तात सूक्ष्म परोपजीवी वाढून होणाऱ्या सर्रा या रोगाचाही त्यांनी विस्तृत अभ्यास केला.

भरवस्तीजवळ साथीच्या रोगांचे प्रयोग करणे धोक्याचे होते. म्हणून 1893 मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरातील निर्जन मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. 1897 मध्ये जगद्विख्यात जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तेथे आले. रोगाने मेलेल्या जनावराचे पित्त टोचून निरोगी जनावर वाचविण्याची पद्धत त्यांनी दक्षिण आफ्रिकेत सुचविली होती. 1899 पासून मुक्तेश्वरला बुळकांडीविरोधी सिरम तयार होऊ लागले. त्याचे संरक्षण अल्पकाळच टिके. तरी साथ आलेल्या गावी उरलेली जनावरे वाचविण्याचे साधन प्रथमच हाती आले.

येथे मन अडखळते. या कामी निरोगी जनावरांना मुद्दाम रोग देण्यात आला, त्यांचे रक्त काढले गेले, कित्येक दगावली. हा मार्ग आपल्या अहिंसातत्त्वात बसतो, असे मी म्हणणार नाही. त्या बळींचे ऋण नाकारून केवळ फळाचा आनंद मानणेही प्रामाणिकपणाचे नव्हे. हिशेब लिहिताना जमेबरोबर नावेची बाजूही मांडावीच लागते.

जमेची बाजू मात्र अफाट आहे. लिंगार्ड 1907 च्या सुमारास निवृत्त झाले. काम थांबले नाही. 1927 मध्ये त्याच संस्थेत एडवर्ड्स यांनी शेळ्यांमार्फत विषाणू सौम्य करून लस बनविली. 1954 मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. 2006 मध्ये भारत आणि 2011 मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून हद्दपार झालेला हा दुसराच रोग. पुण्यात जन्मलेली ती संस्था आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून बरेलीजवळ इज्जतनगर येथे कार्यरत आहे.

बुळकांडी गेली, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत अद्याप आहेत. यापुढे पांजरपोळास चाऱ्याची देणगी देताना, वेळच्या वेळी होणाऱ्या लसीकरणाचा खर्चही आपण आपल्या दानात धरावा. डॉ. लिंगार्ड यांना आणि त्या अनाम मुक्या जिवांना तीच खरी आदरांजली ठरेल.