पंडिता रमाबाई : मूळ शब्दाचा शोध

तिरुवैयारु येथे कावेरीकाठी वाढलेल्या आम्हां मराठी माणसांना पोथीचे प्रेम नवे नाही. तंजावरच्या सरस्वती महालात एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या ताडून शुद्ध पाठ ठरविण्याचे काम चालत आले आहे. तीच चिकाटी एका मराठी विदुषीने बायबलाच्या अर्थनिर्णयासाठी वेचली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून विरोध सोसला. त्याच मातेने मुलीला भागवत मुखोद्गत करविले. तीर्थयात्रेत आयुष्य गेलेले हे कुटुंब दक्षिणेतच दुष्काळात सापडले आणि १८७४ साली आईवडील निवर्तले. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या अनाथ मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. स्वकीय दुरावले, परंतु नव्या गुरुजनांपुढेही त्यांनी मान तुकविली नाही. त्रैक्यासारखा सिद्धान्त केवळ चर्च सांगते म्हणून मानावयाचा, हे त्यांना पटेना. ग्रंथ आपण स्वतः वाचावा, मग निर्णय करावा, हा त्यांचा आग्रह. आमच्या मते हा बाणा अनंतशास्त्र्यांच्या घरचाच होय.

केडगावच्या मुक्तिसदनात, निराश्रित स्त्रियांचा संसार सांभाळीत, त्या हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. हिब्रूचे व्याकरण त्यांनी मराठीत लिहिले. प्रचलित मराठी बायबलातील अनेक संस्कृत शब्दांना वेदान्ताचा व पुराणांचा अर्थ चिकटलेला असल्याने मूळ आशय झाकोळतो, असे त्यांचे मत होते. म्हणून मूळ शब्द पाहावा, त्याचा अर्थ निश्चित करावा आणि खेड्यातील बाईलाही कळेल असा मराठी शब्द योजावा, ही त्यांची पद्धती. खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम सदनातील स्त्रियांनीच केले.

आयुष्याची अखेरची पंधराहून अधिक वर्षे या कार्यात गेली. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी लेखणी थांबली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेविला. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. चर्चमध्ये मात्र ते रूढ झाले नाही.

त्यांचा धर्म आमचा नव्हे. तथापि, मुलुखापासून दूर राहून मराठी जपणाऱ्या आम्हांस एक धडा घेता येतो : शब्द पारखल्यावाचून अर्थ हाती लागत नाही, आणि ती पारख दुसऱ्यावर सोपविता येत नाही.