पाणी देणारा मलिक अंबर

रोजा सुटायला अर्धा तास उरला, की शहागंज, सिटी चौकात खजूर, फळे आणि भज्यांच्या गाड्यांभोवती गर्दी होते. दिवसभराच्या उपवासानंतर पाण्याच्या पहिल्या घोटाची किंमत कळते. या शहरात पाण्याचा विषय निघाला, की मलिक अंबरची आठवण येतेच.

त्याचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे दख्खनेत आला, तेव्हा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला आणि साधा शिपाई म्हणून नव्याने उभा राहिला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तरी अंबरने निजामशाही बुडू दिली नाही. मराठा सरदारांना सोबत घेऊन तो गनिमी काव्याने लढला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने होते.

१६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच आपले शहर. भडकल दरवाजा, नौखंडा महाल, काळी मशीद या त्याच्याच खुणा. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही वस्त्यांची नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडली, असे सांगतात. म्हणजे शेजार इथे पहिल्यापासून मिश्रच होता.

खडकाळ जमिनीवर शहर वसवायचे तर आधी पाणी हवे. अंबरने उत्तरेच्या डोंगराळ भागातले भूगर्भातील पाणी भुयारी नहरीतून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. ना मोट, ना रहाट. वाटेत हवा आणि दाब सांभाळायला बंबे बांधले. शेतजमिनीची मोजणी करून कसानुसार सारा ठरवणारा हा माणूस पाण्याचाही हिशेब चोख ठेवी.

१६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्यानंतर खडकीचे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. मोगलांनी शहर जाळलेही. पण जमिनीखालची नहर वाहत राहिली.

आज नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि नहरीचे कित्येक बंबे बांधकामांखाली गाडले गेले आहेत. पाणी पाजण्याला कुणी सवाब म्हणते, कुणी पुण्य. उरलेले बंबे वाचवले, तर त्यात दोन्ही आहे.